जुनीं यंत्रें, नवी महागाई आणि दिलेला शब्द

मागील अंकीं घरांतील जुन्या पोथ्यांस वाळवी लागूं नये म्हणून काय करावें, याविषयीं चार शब्द लिहिले होते. त्यावर एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, "पोथ्यांचें झालें, पण माळ्यावर पडलेल्या जुन्या यंत्रांचें काय? तीं जतन करावींत कीं भंगारांत द्यावींत?" संस्कृत पाठशाळेंत वाढलेल्या आणि मॅट्रिकच्या पुढें न गेलेल्या माझ्यासारख्या निवृत्त मास्तरानें या प्रश्नाचें उत्तर द्यावें, हें पाहून कोणास हंसूं येईल. परंतु योगायोग असा कीं, गेल्या सात-आठ महिन्यांत हाच प्रश्न आमच्या स्वतःच्या कुटुंबांत उभा राहिला. आणि तो केवळ यंत्राचा न राहतां हिशेबाचा, व पुढें दिलेल्या शब्दाचा झाला. म्हणून ती हकीकत येथें देतों.

माझा पुतण्या वाळूजच्या एका कारखान्यांत नोकरीस आहे. सिडकोंतील घराच्या माडीवर त्यानें एक टेबल मांडलें असून, रात्रीं जेवणखाण आटोपल्यावर तो तेथें जुन्या घरगुती संगणकांची दुरुस्ती करतो व त्यांस जोडावयाचे नवे बोर्ड तयार करतो. हे संगणक म्हणजे आजचे नव्हेत, तर चाळीस वर्षांपूर्वींचे. इंग्लंडांत सिंक्लेर कंपनीनें १९८२ सालीं 'झेडएक्स स्पेक्ट्रम' नांवाचा लहानसा संगणक काढला. तो घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरील कॅसेटींतून त्यांत कार्यक्रम भरावयाचा. त्याचीच सुधारलेली आवृत्ति डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनें रीतसर परवान्यानें १९८६ पासून आपल्या देशांत विकली. ज्या घरांत वडिलांस हौस आणि खिशांत थोडी ऐपत होती, अशा कित्येक मध्यम स्थितींतील घरांत तीं यंत्रें आलीं.

दुसरें यंत्र शाळांचें. केंद्र सरकारनें १९८४ सालीं शाळांतून संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, ती 'क्लास' या नांवानें ओळखली जाई. आरंभीं २५० शाळा घेतल्या होत्या आणि त्यांना 'बी.बी.सी. मायक्रो' हें इंग्रजी यंत्र दिलें होतें. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनें त्याचीच भारतीय आवृत्ति 'युनिकॉर्न' या नांवानें काढली. पुढें योजना वाढली तेव्हां मी ज्या शाळेंत संस्कृत शिकवीत असें, तेथेंहि दोन यंत्रें आलीं. बहुतेक काळ तीं कुलुपांतच असत. कारण बिघडलीं तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कोणास सुटला नव्हता. तरी एका उन्हाळ्याच्या सुटींत गणिताच्या मास्तरांच्या मदतीनें मीं रामशब्दाचीं रूपें रोमन लिपींत पडद्यावर चालविलीं, तो आनंद अद्याप मनांत आहे. त्या यंत्राची स्मृति अवघी ३२ किलोबाइट होती. अर्ध्या मात्रेची काटकसर करणाऱ्या वैयाकरणांची मला त्या वेळीं वारंवार आठवण होई. कारण येथेंहि एक अक्षर वांचलें तर तें उपयोगी पडे.

अशीं यंत्रें आज कोणास कशास हवीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर असें कीं, ज्यांनीं बाळपणीं त्यांवर पहिलीं अक्षरें उमटविलीं, तीं माणसें आतां पन्नाशीला टेकलीं आहेत. कोणास स्वतःचें बाळपण हवें असतें, कोणास आपल्या मुलांस संगणक मुळापासून समजावून द्यावयाचा असतो. परंतु कॅसेटींतून एक मोठा कार्यक्रम भरावयास पांच मिनिटें लागतात, आणि टेप जुनी असेल तर पांचव्या मिनिटास सर्व फसतें. माझ्या पुतण्याचा बोर्ड यंत्राच्या पाठीमागें खोंचला कीं, हल्लींच्या मेमरी कार्डावरून तोच कार्यक्रम दोन-तीन सेकंदांत येतो. जुनें यंत्र तसेंच राहतें. केवळ त्याचे हातपाय नवे होतात. जीर्णोद्धार म्हणतात तो हाच. देऊळ पाडून नवें बांधणें हा जीर्णोद्धार नव्हे, हें येथें सांगावयास नको.

गेल्या जुलै महिन्यांत पुतण्याकडे बारा जणांनीं असे बोर्ड मागितले. त्यानें प्रत्येकी ३,२०० रुपये दर सांगितला. बारांपैकीं नऊ जणांनीं निम्मे पैसे आगाऊ पाठविले. कारखान्यांत कामाची घाई असल्यामुळें भाग मागविण्यास दिवाळी उलटली, आणि डिसेंबरांत भागांचे भाव समोर आले तेव्हां चिरंजीवांचें तोंड उतरलें. एका रविवारीं तो वही घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, तुम्ही हिशेब पाहा. मला वाटतें, मी फसलों."

वही मीं पाहिली. २०२३ सालच्या जुन्या बिलांवरून त्यानें दर ठरविला होता. एका बोर्डास तर्कजुळणीची चिप २८० रुपये, स्मृतीची चिप २२०, कायम स्मृतीची १८०, छापील पी.सी.बी. २६०, खोबणी, कार्डाचें घर, संधारक व इतर किरकोळ मिळून ७६०, आणि वाहतूक, सीमाशुल्क व कर यांचा वांटा ७००, एकूण २,४००. त्यावर ८०० रुपये स्वतःची मजुरी. आतांचे भाव याच क्रमानें ७६०, ३१०, २४०, ३३०, ८६० आणि ८५०, एकूण ३,३५०. म्हणजे मजुरी तर गेलीच, पण दर बोर्डामागें पदरचे दीडशें रुपये जाणार. त्यांत त्याची मुलगी यंदा बारावीस. तिच्या शिकवणीचा शेवटचा हप्ता या कामांतून भरावा, असा सूनबाईंचा बेत होता.

भाव कां वाढले, हें मला प्रथम समजून घ्यावेंसें वाटलें; कारण कारण कळल्यावांचून उपाय सुचत नाहीं. पुतण्यानें जें सांगितलें, तें माझ्या शब्दांत सांगतों.

पहिलें कारण असें कीं, जुने भाग कोणी करीनासें झालें आहे. स्पेक्ट्रमचा मेंदु जो 'झेड ८०', तो झायलॉग कंपनीनें १९७६ सालीं बाजारांत आणला. तब्बल ४८ वर्षें तो बनत होता. एप्रिल २०२४ मध्यें कंपनीनें त्याचें मूळ स्वतंत्र रूप बंद करीत असल्याचें जाहीर केलें आणि त्याच वर्षीं १४ जून ही शेवटच्या मागणीची तारीख ठरविली. आमच्या वहींतील २८० वरून ७६० वर गेलेली चिपहि याच जातीची. जुनें यंत्र पांच व्होल्टांची भाषा बोलतें. हल्लींच्या चिपा ३.३ व्होल्टांची किंवा त्याहून खालची बोलतात. झायलिंक्सची एक्ससी ९५००एक्सएल ही मालिका स्वतः ३.३ व्होल्टांवर चालूनहि पांच व्होल्ट सहन करीत असे, म्हणून दोन पिढ्यांमध्यें ती उत्तम दुभाष्याचें काम करी. जगांतील कित्येक हौशी कारागिरांनीं आपले आराखडे तिच्यावरच उभारले. झायलिंक्स आतां एएमडी कंपनीच्या मालकीची आहे, आणि त्या कंपनीनें २०२४ सालीं ही मालिका बंद केली. जो साठा दलालांकडे उरला, त्याचा भाव तेच ठरवितात.

दुसरें कारण बरोबर उलट आहे. नव्या भागांना मागणी फार झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं मोठमोठीं संगणकगृहें उभीं राहत आहेत, आणि त्यांना स्मृतीच्या चिपा अपरिमित लागतात. ही स्मृति मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन कंपन्या बनवितात. त्यांनीं मोठ्या गिऱ्हाइकांकडे माल वळविला, त्यामुळें २०२५ च्या अखेरीस साध्या बाजारांतील भाव भडकले. त्या डिसेंबरांत मायक्रॉननें घरगुती गिऱ्हाइकांसाठीं असलेला आपला 'क्रूशल' हा व्यवहारच आवरता घेत असल्याचें जाहीर केलें. 'रास्पबेरी पाय' नांवाचा जो स्वस्त लहान संगणक आहे, त्याच्या पांचव्या आवृत्तींतील १६ गिगाबाइटांच्या नगाची किंमत त्याच महिन्यांत १२० डॉलरांवरून १४५ डॉलरांवर गेली. आमच्या बोर्डावरची इवलीशी स्मृति त्या जातीची नव्हे, म्हणून ती नव्वद रुपयांनींच वाढली. परंतु मोठ्या धरणाचें पाणी चढलें कीं ओढ्यांनाहि फुगवटा येतो, त्यांतलाच हा प्रकार.

तिसरें कारण रुपयाचें. १९८५ च्या सुमारास एका डॉलरास बारा-साडेबारा रुपये पडत. डिसेंबर २०२५ मध्यें नव्वदाच्या वर पडूं लागले. आणि चौथें कारण लहान खरेदीचें. पांच हजार चिपा मागविणाऱ्यास वाहतुकीचा जो खर्च येतो, त्याहून फारसा कमी खर्च पंधरा चिपा मागविणाऱ्यास येत नाहीं. कुरिअरचा आकार, कागदपत्रें, कर हें सर्व पंधरांवरच वांटलें जातें.

एवंच, जुना भाग कोणी करीत नाहीं म्हणून महाग, आणि नवा भाग सर्वांनाच हवा म्हणून महाग. या दोन जात्यांमध्यें आमच्या चिरंजीवांचें पीठ झालें होतें. परंतु त्याची स्वतःची एक चूकहि होती, व ती मीं त्यास स्पष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वींच्या बिलावरून आजचा दर सांगणें म्हणजे गतवर्षींच्या पंचांगावरून यंदाची एकादशी धरणें होय.

आतां उपाय काय? स्वस्तांतला उपाय त्यास एका दलालानें आधींच सांगितला होता. भंगारांतील बोर्डांवरून काढलेल्या चिपा निम्म्या भावांत मिळतात. कित्येकदां तर वरचें नांव घांसून त्यावर नवें नांव छापलेलें असतें. त्यानें नमुन्यादाखल दोन मागविल्या होत्या. त्याच्या टेबलावर मीं स्वतः पाहिलें: ॲसिटोनमध्यें भिजविलेला कापूस वरून फिरवितांच एकीवरचीं अक्षरें काळिम्यासकट पुसून गेलीं व खालीं घांसल्याच्या खुणा दिसूं लागल्या. पुतण्या म्हणाला, "काका, दुसरी चालते आहे. वर्षभर तरी चालेल. गिऱ्हाइकास कळणार नाहीं." हें तो सहज बोलला, परंतु बोलून झाल्यावर त्यानेंच मान खालीं घातली.

सूनबाई तेथेंच होत्या. त्या म्हणाल्या, "काका, मला यांतलें कांहीं कळत नाहीं. पण तूप महागलें म्हणून डालडा घालून लाडू केले, आणि ते साजूक म्हणून वाढले, तर तें घरांत तरी चालेल का?" मला याहून अधिक शास्त्रार्थ सांगावयाचा नव्हता.

दुसरा मार्ग, सर्वांस नवा दर कळवून 'घ्यावयाचें तर घ्या' म्हणणें. व्यापारांत असें होतें. परंतु ज्यांचे पैसे घेऊन आपण पांच महिने ठेवले, त्यांस असें म्हणणें मला पसंत पडेना. तिसरा मार्ग, निमूटपणें सर्व तोटा सोसणें. तो थोर दिसतो खरा. पण ज्याच्या मुलीच्या शिकवणीचा हप्ता अडला आहे, त्यानें तो निमूटपणें कां पत्करावा? गिऱ्हाईकहि मनुष्यच आहे. त्यास खरी स्थिति सांगितली तर तें कांहीं शत्रु होत नाहीं.

शेवटीं आम्हीं दोघांनीं बसून एक पत्र लिहिलें. त्यांत वरचा सर्व हिशेब, जुना व नवा, ओळीनें दिला. दर ठरवितांना आपली काय चूक झाली तें लिहिलें. आणि आगाऊ रक्कम दिलेल्या नऊ जणांस तीन गोष्टी कळविल्या. ज्यांना जुन्या दरानेंच बोर्ड हवा असेल त्यांस तो मिळेल. ज्यांना पैसे परत हवे असतील त्यांस आठ दिवसांत मिळतील. आणि वाढलेले ९५० रुपये जर कोणी स्वखुषीनें देईल, तर त्याचे आभार मानले जातील. न देणाऱ्यास कसलाहि जाब विचारला जाणार नाहीं. उरलेल्या तिघांस ४,१५० हा नवा दर कळविला. "काका, एवढा उघडा हिशेब कोणी दाखवितें का?" असें पुतण्यानें पत्र पाठविण्यापूर्वीं विचारलें. मीं म्हटलें, "अरे, ज्याला झांकण्यासारखें कांहीं नाहीं, त्यानें तो दाखवावा. फार तर काय, दोघे-चौघे हंसतील."

निकाल असा झाला. नवांपैकीं पांच जणांनीं वाढीव रक्कम आपण होऊन पाठविली. दोघांनीं पैसे परत मागितले. ते त्यांस दिले. दोघांकडून कांहींच उत्तर आलें नाहीं. त्यांचे बोर्ड जुन्या दरानेंच पाठविले. सात बोर्डांचे मिळून २७,१५० रुपये आले, भागांस २३,४५० लागले, आणि मजुरीचे ३,७०० उरले. ५,६०० अपेक्षित होते. म्हणजे १,९०० ची तूट आली. ही तूट मीं त्यास गुरुदक्षिणा समजावयास सांगितली. गुरु म्हणजे मी नव्हे, त्याचा अनुभव. शिकवणीचा हप्ता थोडा उशिरानें भरला गेला, आणि त्यासाठीं कोणाकडे हात पसरावा लागला नाहीं.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. दर वेळीं पत्र लिहून महागाई हटत नसते. पुतण्यानें नंतर आराखडाच बदलावयास घेतला. बंद झालेल्या त्या एका हुषार चिपेऐवजीं ७४ मालिकेंतील साधीं, आजहि सर्वत्र मिळणारीं तर्कद्वारें वापरावयाचीं, असें त्यानें ठरविलें आहे. बोर्ड थोडा मोठा होईल, सोल्डर करण्याचें काम दुप्पट होईल. परंतु भाग लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत मिळतील, परदेशाकडे डोळे लावून बसावें लागणार नाहीं. मला हें फार आवडलें. ती हुषार चिप म्हणजे सूत्र. थोडक्यांत पुष्कळ सांगणारें, पण जाणता गुरु गेला कीं कोडें होऊन बसणारें. साधीं द्वारें म्हणजे वृत्ति; लांबण आहे, पण पुढच्या पिढींतील कोणीहि तारेमागून तार पाहत जाईल तर त्यास अर्थ लागेल व दुरुस्तीहि करतां येईल.

मूळ यंत्र करणारेहि काटकसरींत कमी नव्हते. पहिल्या स्पेक्ट्रममध्यें वरच्या ३२ किलोबाइटांसाठीं अर्ध्या सदोष निघालेल्या ६४ किलोबिटांच्या चिपा स्वस्तांत घेऊन, त्यांचा चांगला अर्धा तेवढा वापरला होता. हें आणि वर सांगितलेलें नांव घांसण्याचें कृत्य यांत अंतर काय, असें पुतण्यानें मला विचारलें. अंतर एवढेंच कीं, तेथें करणाऱ्यानें सदोष अर्धा कोणता हें तपासून, तशी खूण असलेला माल उघडपणें घेतला व त्याप्रमाणें यंत्र रचलें. येथें दोष झांकून तो दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावयाचा होता. काटकसर आणि लबाडी या दोघी शेजारणी असतात. पण त्यांचे उंबरठे वेगळे आहेत.

ज्या भगिनीनें प्रश्न विचारला, त्यांच्यासाठीं व इतर वाचकांसाठीं आतां थोडक्यांत सांगतों. माळ्यावरचें जुनें यंत्र एकदम वीज देऊन चालू करूं नये. आधीं जाणत्याकडून त्याचा वीजपुरवठा तपासून घ्यावा. जुन्या स्पेक्ट्रममधील स्मृतीच्या कांहीं चिपांना तीन वेगवेगळे दाब लागतात, आणि त्यांतला उणे पांच व्होल्टांचा एक नाहींसा झाला कीं त्या जळतात. कॅसेटी फेंकूं नयेत. यंत्र बाजारांत पुन्हां मिळूं शकेल, वडिलांनीं स्वतः लिहिलेला कार्यक्रम मिळणार नाहीं. दुरुस्तीचा दर विचारतांना तो किती दिवस कायम राहील हेंहि विचारावें, आणि करणाऱ्यानें भाग हातीं आल्यावरच आगाऊ रक्कम घ्यावी. दर फारच कमी वाटला, तर आनंद मानण्यापूर्वीं भाग कोठून आणले हें विचारावें. आणि यंत्र कोणास नकोच असेल, तर भंगारवाल्याच्या तराजूंत घालण्याऐवजीं अशा एखाद्या हौशी कारागिरास द्यावें. एका मेलेल्या यंत्राच्या सुट्या भागांवर दोन यंत्रें जगतात.

आमच्या गांवची पाणचक्की पाहावयास परगांवचे पाहुणे आले म्हणजे मी त्यांस घेऊन जातों. पूर्वीं तिच्यावर यात्रेकरूंसाठीं धान्य दळलें जाई. आज तिच्या पिठाची कोणास गरज नाहीं. तरीहि लहान मुलें कठड्यापाशीं उभीं राहून पाण्याच्या जोरानें जातें कसें फिरावें हें समजून घेतात, आणि तें शिक्षण पिठाहून कमी मोलाचें नाहीं. घरांतील जुन्या संगणकाचेंहि तसेंच आहे.

एक गोष्ट सांगून हें पुरें करतों. उत्तर न आलेल्या दोघांपैकीं एक बोर्ड जालन्यास गेला होता. तीन आठवड्यांनीं तेथून एका वृद्ध बाईंचा फोन आला. यजमान दोन वर्षांपूर्वीं वारले, यंत्र त्यांचें. आमचें पत्र मुलाच्या मोबाइलवर गेलें व तो परदेशीं असल्यामुळें राहून गेलें, असें त्या म्हणाल्या. बोर्ड लावल्यावर शेजारच्या मुलानें जुन्या कॅसेटींपैकीं एक कशीबशी यंत्रांत उतरवून कार्डावर घेतली. तींत १९८८ सालचा त्यांच्या घरखर्चाचा हिशेब निघाला: दूध, वाणी, मुलाची फी, आणि एका ओळींत त्यांच्यासाठीं घेतलेल्या लुगड्याची किंमत. "ती किंमत त्यांनीं मला कधीं सांगितली नव्हती," एवढें बोलून त्या थांबल्या. मग ९५० रुपये कोठें पाठवावयाचे, असें त्यांनीं विचारलें. पुतण्यानें ते घेतले नाहींत. आतां १,९०० ची तूट भरून काढण्याची ही संधी त्यानें कां सोडली, असें मीं त्यास विचारलें नाहीं. आणि सूनबाईंनींहि विचारलें नाहीं.

असो. पुढील अंकीं पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे हल्लीं कां मिळत नाहींत, याविषयीं आलेल्या पत्रांचा विचार करूं.